सात नंबर

रविवारची मिस सुटली आणि हळदोण्याच्या मैदानात
लोकांनी टेम्पोतून आपापलं जुनं उतरवलं.
चिनीमातीच्या बरण्या, कर्णा हरवलेला फोनो,
कुणाच्या तरी लग्नातली वेताची खुर्ची, बूड फाटलेली.
पैसे नकोत, वस्तूला वस्तू, असा इथला कायदा.
बायकोनं समईला हात लावू दिला नाही,
म्हणून पिशवीत एक कार्बाइडचा दिवा आणि तीन डायनॅमो.

सायकली कुंपणाला टेकून उभ्या होत्या, दहा-बारा,
मिरवणुकीआधी बँडवाले उभे राहतात तशा:
अंगात कोट, गुंड्या उघड्या.
मी नाव वाचत नाही. नाव काय, लुधियानात छापून मिळतं.
मी घोड्यासारखे दात बघतो.
पुढच्या चक्राच्या पोटात बगळ्यांच्या माना असतील तर रॅले,
उघडा पंजा असेल तर रज,
आणि पाच माणसं गोलात पळत असतील
तर हंबर.

एका रॅलेला कुणीतरी सोनेरी रंग फासला होता,
देवळातल्या खांबाला फासतात तसा.
"पोर्तुगीज काळातली," मालक म्हणाला.
मी ब्रेकच्या दांडीवर नख ओढलं.
"काळ तोच असेल बाब, ब्रेक मात्र परवाचे."
तो मनापासून हसला. त्यालाही माहीत होतं.

मग कोपऱ्यातली काळी दिसली.
घंटी नाही, मागचं मडगार्ड नाही,
पुढचा काटा दुहेरी नळ्यांचा,
सीटचं चामडं उजवीकडे खचलेलं.
चक्रात पाच माणसं.
त्यातल्या एकाचा पाय मोडका.

माझ्या पोटात कुठेतरी चेन उतरली.

तो पाय मी मोडला होता.
डिचोलीला, बापूंच्या दुकानात, कॉटर पिन काढताना
हातोडा घसरला, आणि पाठोपाठ बापूंचा हात माझ्या गालावर.
सायकल आडवी केली, पोटाखालचा चिखल खरवडला.
ठोकलेला आकडा: ७.
सात थोडा तिरका. तोही माझाच.

वहीतली ती ओळ मला अजून पाठ आहे.
सात नंबर. मिंगेल. सव्वाचार.
एक तास, पंचवीस पैसे, आगाऊ दिले.
परत आल्याची वेळ: कोरी.
बापू रोज संध्याकाळी ती वही उघडायचे
आणि त्या रकान्यावर बोट ठेवून रस्त्याकडे बघायचे.
चोरी झाली असं त्यांनी कधी लिहिलं नाही.
"उशीर झालाय त्याला," एवढंच म्हणायचे.
दुकान विकलं, तेव्हा वही घरी आणली. ती सायकल राहिलीच आहे म्हणाले.

"कुठून आली ही?"
पोरीचं नाव सेल्मा. हात ग्रीसनं काळे, ते मला आवडलं.
म्हणाली, शिवोलीला एक बंद घर उघडलं,
माडीवर पेटाऱ्यांमागे होती, चादरीत गुंडाळलेली.
घर कुणाचं? कुणी तारवटी होता म्हणे.
गेला तो गेला. तिला नाव माहीत नाही.
मी सांगितलं नाही.
सांगून काय, भाडं मागू? पन्नास वर्षांचं?
मनात गुणाकार केला, हो, केला,
दुकानदाराचा मुलगा आहे मी.

मी इतका वेळ वाकलेला बघून तिला वाटलं, खोट सापडली.
"अंकल, दिवा द्या आणि घेऊन जा. डायनॅमो राहू देत."
चांगला सौदा होता. माझ्या तोंडून मात्र निघालं,
"एक तास देशील का? भाड्यानं?"

ती बघत राहिली. मग तिनं पंप आणला.

खोर्जुव्याच्या पुलाचा चढ सत्तरीच्या गुडघ्यांना कळतो.
पाच माणसं पायाखाली पळत होती,
एक लंगडत, पण मागे न पडता.
पुलाच्या मधोमध थांबलो. खाली नदी भरतीची,
एक होडी, तिच्यात माणूस झोपलेला.
घड्याळ काढलं.
सव्वाचारला अजून नऊ मिनिटं आहेत.